बारा नंबरच्या परसातलं पाणी

१

ॲग्नेस स्टॅदर्सच्या निवाऱ्यात दहा दिवसांत तिसऱ्यांदा पाणी भरलं, आणि त्या दहा दिवसांत हल शहरावर पावसाचा थेंबसुद्धा पडला नव्हता.

बुधवारी सकाळी नळखात्याची नोरा ब्लेंकिन मार्ल स्ट्रीटवरच्या बारा नंबरच्या परसात पोचली, तेव्हा सदुसष्ट वर्षांची ॲग्नेस बादली घेऊन निवाऱ्याच्या तोंडाशी उभी होती. बॉम्बहल्ल्यात लपायचा निवारा सगळ्यांच्या परसात असायचा तसाच. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यावर पन्हळी पत्र्यांची कमान, कमानीवर मातीचा थर आणि मातीत लावलेली कोबीची रोपं. आत दोन्ही बाजूंना निजायच्या फळ्या, एक खाली, एक वर. खालच्या फळ्या पाण्यात होत्या.

"नळखात्यानं बाई पाठवली?" ॲग्नेसनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ज्यांना ऐकू येतं ते पुरुष लढाईवर गेलेत," नोरा म्हणाली. "उरलेत त्यांना साहेबाची हाकसुद्धा ऐकू येत नाही."

ॲग्नेस खळखळून हसली आणि बादली खाली ठेवली.

नोराच्या पिशवीत एक छापील कागद होता. त्यावर साहेबांनी आधीच लिहून ठेवलं होतं, 'जमिनीतलं पाणी. निवारा निकामी.' खाली फक्त नोराची सही बाकी होती. ती झाली की नगरपालिकेची माणसं येणार, पत्रे उखडून दुसऱ्या कुणाला देणार, आणि ॲग्नेसला रस्त्याच्या टोकाच्या विटांच्या सार्वजनिक निवाऱ्यात किंवा खेड्यातल्या बहिणीकडे जावं लागणार.

"मी कुठंही जायची नाही," ॲग्नेस म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं मरायच्या आधी हा खड्डा खणला. पंधरा दिवस खोकत खोकत खणला. त्या हिटलरला मला हलवता आलं नाही, ते या ढोपरभर पाण्याला जमणार होय?"

"मग रात्री भोंगा झाला की कुठं जाता?"

"स्वयंपाकघरात टेबलाखाली. पाणी उपसते, दोन दिवस वाळवते, जरा अंग टेकते न टेकते तोच पुन्हा भरतं."

नोरानं पिशवीतून काठी काढली. हातभर लांब, एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला कानाला लावायची वाटी. निमुळतं टोक नळावर टेकवायचं आणि ऐकायचं. कुठं गळती असेल तर नळ सुसकारे टाकतो. दोन वर्षांपूर्वी नोरा त्याच कचेरीत फरशा पुसायची. नवरा सुरुंग टिपणाऱ्या बोटीवर गेला, कचेरीतली तरणी माणसं पलटणीत गेली, आणि तिनं कोपऱ्यात पडलेली ही काठी उचलली. 'काठी टेकायचं वय झालं का गं तुझं?' म्हणून म्हातारे कर्मचारी अजून तिला हिणवत.

ती रस्त्यावर गेली, लोखंडी झाकण उघडून मुख्य नळावर काठी टेकली आणि डोळे मिटले. मग ॲग्नेसच्या घरातल्या नळावर. मग परसातल्या तोटीवर. सुसकारा नाही, कुजबुज नाही. नळ धडधाकट होता.

परत येऊन तिनं निवाऱ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. काचेसारखं स्वच्छ. या शहराखाली सगळी चिकणमाती. जमिनीतून झिरपलेलं पाणी तांबूस गढूळ असतं, ते हळूहळू चढतं आणि पत्र्यावर एकावर एक रेषा सोडतं. इथं पत्र्यावर एकच रेषा होती, पट्टीनं आखल्यासारखी.

"मिसेस स्टॅदर्स, तुमची पांघरुणं भिजली का हो?"

"तीच तर गंमत! मी सगळं खालच्या फळीवर ठेवते, वर चढायला गुडघे कुठं आहेत? पण तिन्ही वेळा पांघरुणं वरच्या फळीवर. कोरडी, नीट घडी घातलेली. आणि आमच्या ह्यांचा फोटो मेणकापडात गुंडाळून त्यावर."

नोरानं कागद पिशवीत खोल सरकवला.

"हे पाणी जमिनीतून आलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी आणून ओतलंय. आणि त्या माणसाला तुम्हाला बुडवायचं नव्हतं. त्याला तुम्ही इथं नको होतात, एवढंच."

२

तिन्ही वेळा पाणी ॲग्नेस बाहेर असताना भरलं होतं. मोठा हवाई हल्ला झाला रविवारी. त्यानंतरचा मंगळवार, शुक्रवार आणि कालचा मंगळवार. दर मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी आठ ते बारा ॲग्नेस चॅपेलच्या मुदपाकखान्यात घरं पडलेल्यांसाठी सूप करायला जाई. सगळ्या रस्त्याला हे ठाऊक होतं.

"तुमच्यावर राग कुणाचा?"

"यादी मोठी आहे, पोरी. आधी चहा घे."

यादीत पहिलं नाव सिरिल गार्टन, हवाई हल्ल्यात रस्त्यावर देखरेख ठेवणारा वॉर्डन. तो नोराला कोपऱ्यावरच भेटला. डोक्यावर लोखंडी टोपी, गळ्यात शिट्टी.

"त्या म्हातारीला मी दहादा सांगितलं, सार्वजनिक निवाऱ्यात चला म्हणून," तो फणफणला. "सगळ्यांदेखत मला काय म्हणाली माहितीय? टोपी घातलेला सलगम!"

"तुमच्याकडे आगीसाठीची होज आहे ना?"

गार्टनचा चेहरा खरंच सलगमासारखा झाला. "आहे. म्हणजे मी पाणी सोडलं म्हणतेस? अगं, माझी दोन माणसं त्या रविवारी मेली. मी याद्या करतो, कोण कुठं झोपलंय ते मला ठाऊक असावं म्हणून. ढिगाऱ्यात भलत्या ठिकाणी खणत बसू नये म्हणून!"

नोरा नरमली. तरीही तिनं होज पाहून घेतली. कॅनव्हासची, मांडीएवढी जाड, फक्त रस्त्यावरच्या मोठ्या तोटीला बसणारी.

दुसरं नाव डॉली रस्क, दहा नंबरची. ती कुंपणापलीकडे कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"हो, म्हटलं मी, बुडून मर म्हणून!" डॉलीनं विचारायच्या आत कबुली दिली. "माझ्या कोंबडीनं चार कोबी टोचले, तर ही म्हणते तिचा रस्सा करीन. पण पाणी मी कशानं भरणार? हल्ल्याच्या रविवारपासून माझा नळ बंद आहे. बॉम्बनं फुटला. तुमचंच खातं दुरुस्त करेना! त्या ॲग्नेसच्याच तोटीवरून बादल्या भरते मी. शिव्या देत देत भरू देते ती."

"निवाऱ्यातलं पाणी म्हणजे शंभराच्या वर बादल्या."

"मग धर माझे दंड, बघ शंभर बादल्यांचे वाटतात का ते."

"तुम्ही कपडे धुता ना लोकांचे? या दोन आठवड्यांत नळाला तांबूस पाणी आलं होतं का? गंजाचं?"

"छे. माझ्या चादरी बघ वाळत घातल्यात त्या. बगळ्यासारख्या आहेत."

नोरानं मान हलवली. रस्त्यावरची मोठी तोटी उघडली की सगळ्या घरांत गंज उसळतो. म्हणजे गार्टन सुटला. डॉलीचा नळच बंद, म्हणजे तीही सुटली. पाणी कुठल्यातरी घरातल्या नळाला साधी रबरी नळी लावून सोडलं होतं, आणि ती नळी ॲग्नेसच्या परसापर्यंत पोचायला हवी.

"चौदा नंबरला कोण राहतं?"

"एमॉस पिकरिंग. देवमाणूस," डॉली म्हणाली. मग तोंड वाकडं केलं. "हल्ली मात्र बिघडलाय. कुंपणाजवळ जुना दरवाजा आडवा टाकलाय, त्यावर कुंड्या रचल्यात. माझी कोंबडी तिकडं गेली तर दगड मारले त्यानं. एमॉसनं! ज्यानं आयुष्यात माशी मारली नाही!"

३

एमॉस पिकरिंग रेल्वेतून निवृत्त झालेला उंच, वाकलेला माणूस होता. दार उघडल्यावर तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आमचा नळ ठीक आहे," तो म्हणाला.

"शेजारच्या बाईंचा निवारा तीनदा भरला. तुम्ही उपसायला गेला नाहीत म्हणे. एरवी तुम्ही त्यांचे कोळसेसुद्धा आत नेऊन टाकता."

"उपसून काय उपयोग? पुन्हा भरणारच." मग घाईघाईनं, "म्हणजे, ही जमीनच अशी. त्यांनी बहिणीकडे जावं. किती सांगितलं मी."

"एमॉस!" आतून एक ठसठशीत आवाज आला. "कोण आहे? आत पाठव. मला गेल्या आठवड्यापासून तुझ्याशिवाय कुणाचं तोंड दिसलं नाही."

रस्त्याकडच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या पलंगावर लेटी पिकरिंग पडून होती. आठ वर्षं कमरेखालचं शरीर निकामी. केस मात्र नीट विंचरलेले, आणि डोळे इतके तल्लख की नोराला आपली टोपी तिरकी आहे हे लगेच जाणवलं. एमॉस चहा ठेवायला गेला.

"ती काठी कसली गं?"

नोरानं सांगितलं. लेटीनं हात पुढे केला, वाटी कानाला लावली आणि टोक पलंगाशेजारच्या भिंतीवर टेकवलं.

"अय्या! शेजारणीची किटली ऐकू येतेय." ती पोरीसारखी हसली. "तसं काठीशिवायही पुष्कळ ऐकू येतं. पडून राहिलं की कान वाढतात."

"पलंग नेहमी इथंच असतो?"

"नाही गं, मागच्या खोलीत, परसाच्या बाजूला. त्या रविवारच्या हल्ल्यानंतर ह्यानं एकट्यानं ओढून इकडं आणला. म्हणे तुला ऊन मिळेल."

नोरानं खिडकीकडे पाहिलं. ती उत्तरेकडे उघडत होती. या खोलीत ऊन यायला सूर्याला वाट वाकडी करावी लागली असती.

"इथं झोप लागते का?"

"लागते. फक्त या भिंतीतला नळ छळतो. रस्त्यावरून घरात येणारा तो. मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी तासभर नुसता गुणगुणत असतो. एमॉस म्हणतो भांडी विसळतोय. दोन माणसांची भांडी, तासभर!"

टोपी सरळ करायला उचललेला नोराचा हात तिथंच थांबला. स्वयंपाकघराच्या दारात एमॉस चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्यानं लेटीकडे न बघताच ट्रे खाली ठेवला.

४

"परसात चला," नोरा हळूच म्हणाली.

तो मागोमाग आला. कुंपणाजवळ तो जुना दरवाजा आडवा पडला होता, वर मातीच्या कुंड्या. नोरानं त्या एकेक करून बाजूला ठेवल्या. एमॉसनं तिला अडवलं नाही, हात पाठीमागे बांधून तो नुसता उभा राहिला. तिनं दरवाजाची कड उचलली.

खाली भोक होतं. फुटबॉल जाईल एवढं, कडा गुळगुळीत, घासून काढल्यासारख्या. ते सरळ खाली न जाता तिरकं, कुंपणाखालून ॲग्नेसच्या निवाऱ्याच्या दिशेनं गेलं होतं.

 तिनं दरवाजा इतक्या हलक्या हातानं खाली ठेवला की आवाजही झाला नाही.

"दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवस तुम्हाला ठाऊक आहे, इथं न फुटलेला बॉम्ब आहे म्हणून."

"फुटायचा असता तर आतापर्यंत फुटला असता."

"हे तुम्हाला खरं वाटत असतं तर ॲग्नेसबाईंचा निवारा भरला नसता. बायकोचा पलंग पुढच्या खोलीत नेला नसता. कोंबडीला दगड मारले नसते."

एमॉसनं घराकडे पाहिलं. "गेल्या शरदात गल्ली रिकामी केली होती. असंच एकदा. लेटीला त्यांनी इस्पितळाच्या जुन्या वॉर्डात नेऊन टाकलं. पाच दिवस. परत आणली तेव्हा पाठीला जखमा, हातात हात घेतला तर ओळखेना. डॉक्टर म्हणाला, पुन्हा हलवली तर जगणार नाही. मी शपथ घेतली, तिला पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. कळवलं असतं तर त्याच संध्याकाळी नेली असती तिला."

"आणि ही गल्ली? या टोकाला अकरा पोरं आहेत."

"मोजलीयत मी ती," एमॉस म्हणाला. "रोज रात्री मोजतो. वाटायचं, उद्या सांगू. ॲग्नेस तेवढी त्याच्यावरच झोपायची, चार हातांवर. तिला म्हटलं बहिणीकडे जा, ऐकेना. मग काय करू?"

"एमॉस पिकरिंग!"

दोघंही दचकून वळले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, फरशीवर, लेटी पालथी पडली होती. पलंगावरून स्वतःला खाली लोटून, कोपरांवर घासत, ती तिथवर आली होती. एक कोपर रक्तानं लाल झालं होतं. मान मात्र ताठ.

"लेटी! अगं—"

"हात लावू नकोस. आधी ऐक. आठ वर्षं तू मला भरवलंस, न्हाऊ घातलंस. देव तुझं भलं करो. पण अकरा पोरांचा जीव माझ्या उशाखाली ठेवायला तुला कुणी सांगितलं? मला विचारलंस? पाय गेलेत माझे, जीभ नाही गेली!"

"डॉक्टर म्हणाला, तू मरशील—"

"मग मरेन! माझं मी मरेन, माझ्या नावानं. दुसऱ्याची पोरं सोबतीला घेऊन नाही." तिनं श्वास घेतला आणि नोराकडे पाहिलं. "नळवाल्या बाई, उभी काय राहिलीस? पळ. आणि ह्याला सांग माझी निळी टोपी आणायला. बोडक्या डोक्यानं मी रस्त्यावर जायची नाही."

५

नोरा पळाली. सिरिल गार्टननं तिचं बोलणं अर्ध्यावर ऐकूनच शिट्टी तोंडात धरली, आणि त्या क्षणी नोराला त्याच्या याद्यांची किंमत कळली. कोणत्या घरात कोण, कोणाला चालता येत नाही, कोणाचं तान्हं पोर झोपलेलं, सगळं त्याला तोंडपाठ. वीस मिनिटांत मार्ल स्ट्रीटचं ते टोक रिकामं झालं.

लेटीला स्ट्रेचरवर चौघींनी उचललं: नोरा, डॉली, ॲग्नेस आणि कोपऱ्यावरची पाववाली. एमॉस बाजूनं चालत होता. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. ॲग्नेसला वाटेतच सगळं सांगितलं गेलं. 

"म्हणजे मी त्या बॉम्बच्या डोक्यावर घोरत होते," ती म्हणाली. "आणि तो बिचारा नळी धरून उभा. एमॉस, तुला मी कधीतरी माफ करेन. आज नाही."

चॅपेलच्या सभागृहात गाद्या टाकल्या होत्या. तासाभरानं रुग्णवाहिका आली, आणि तिच्यातला माणूस पिकरिंगबाईंना इस्पितळात हलवायचं म्हणाला. नियम होता तसा.

"मी इथंच राहणार," लेटी म्हणाली.

"बाई, तुमची काळजी इथं कोण घेणार?"

डॉली उठली. तिनं आपली घडी केलेली चादर लेटीच्या गादीवर अंथरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दर दोन तासांनी कूस मी बदलेन. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते रोज, ही तर वाळलेली काडी आहे."

"न्हाऊ मी घालेन," पाववाली म्हणाली.

"आणि जेवण इथलंच आहे, मी केलेलं," ॲग्नेस म्हणाली. "तिला न्यायचं तर आधी मला न्या. मला हलवायचा प्रयत्न पुष्कळांनी केलाय. या टोपीवाल्याला विचारा."

त्या माणसानं गार्टनकडे पाहिलं. गार्टननं आपली वही उघडली, पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि मोठ्यानं वाचत लिहिलं, "मिसेस पिकरिंग. मुक्काम, चॅपेल. वॉर्डनच्या परवानगीनं." रुग्णवाहिका रिकामी गेली.

सैनिकांनी दोन दिवस खणलं. बॉम्ब बारा फुटांवर सापडला, नेमका ॲग्नेसच्या निवाऱ्याच्या पोटाखाली. काम करणारा तरुण अधिकारी नोराला एवढंच म्हणाला, की बॉम्बची स्फोट करणारी कळ मेलेली नव्हती, फक्त अडकलेली होती.  पुढं एमॉसला न्यायाधीशासमोर उभं राहावं लागलं. तिथं ॲग्नेसनं साक्ष दिली, की माणसानं गुन्हा केलाय खरा, पण माझी पांघरुणं भिजू दिली नाहीत. न्यायाधीशानं त्याला कडक शब्दांत झापलं आणि सोडलं. नोराच्या साहेबांनी मात्र सही न केलेला तो कागद तीन वेळा परत मागितला. तिनं तीन वेळा त्यावर लिहून दिलं, 'पाणी नळाचं. निवारा उत्तम.'

पण हे सगळं नंतरचं. गल्ली मोकळी झाली त्या शुक्रवारी दुपारी लेटीला घरी न्यायचं होतं. त्या दोन दिवसांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. एमॉसशी मात्र ती एक शब्द बोलली नव्हती. तो गादीच्या पायथ्याशी बसून असे, आणि ती छताकडे बघत असे.

गार्टननं स्ट्रेचर आणलं.

"झोपून नाही," लेटी म्हणाली. "आठ वर्षं झोपून काढली. मला बसवा."

डॉलीनं आपली कपड्यांची हातगाडी आणली. मागं उश्या रचल्या, लेटीला पट्ट्यानं बांधून बसवलं, निळी टोपी डोक्यावर ठेवली. मग कुणी काही सांगायच्या आत एमॉस पुढे झाला आणि गाडीच्या दांड्यावर हात ठेवले. सगळे लेटीकडे पाहू लागले. ती नको म्हणाली नाही.

तो निघाला. रस्त्यावर दगडी फरसबंदी, मध्येमध्ये काचा. तो पाऊल तोलून टाकत होता, प्रत्येक फटीशी थांबत होता, अंडी भरलेली पाटी न्यावी तसा. दोन्ही बाजूंनी दारं उघडली, बायका एप्रनला हात पुसत बाहेर आल्या, पोरं पायऱ्यांवर चढली. जळक्या विटांचा वास अजून हवेत होता.

लेटीनं दोन्ही बाजूंना पाहिलं. कोसळलेली तीन घरं, खिडक्यांना लावलेले पुठ्ठे, आणि उभे असलेले सगळे. तिनं टोपी सरळ केली.

"एमॉस," ती म्हणाली. त्याची पावलं थबकली. "हळू काय चालतोयस? मयत आहे का ही? ढकल जोरात!"